अपराध क्रमांक एक

“माहा बोकड चोरीले गेला, बाई. लेहून घे.”

काउंटरच्या पलीकडून नुसता आवाज आला. माणूस दिसत नव्हतं. आमच्या लोहारपेठ ठाण्याचं काउंटर कोणा उंच साहेबानं आपल्या मापानं बांधून घेतलं होतं, त्यामुळे बुटका फिर्यादी आला की आधी पदर किंवा टोपी दिसायची आणि मग फिर्याद ऐकू यायची. मी उठून वाकून पाहिलं. साठी ओलांडलेली एक बाई, अंगावर जाडजूड चादर, आणि हातात दोरीचा कापलेला तुकडा. तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर घड्याळ होतं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. तारीख एक जानेवारी, साल अठ्ठ्याण्णव.

शहरात गुन्हा कधी घडतो, असं तुम्हाला वाटतं? चोर घरात शिरला की? मुळीच नाही. ठाणे अंमलदार पेनाचं टोपण काढतो तेव्हा गुन्हा घडतो. काउंटरवर बसून येणाऱ्याची फिर्याद घेणारा हा माणूस. त्यानं लिहिलं तर अख्खं खातं हलतं, नाही लिहिलं तर काही झालेलंच नसतं. आमचे ठाणे अंमलदार होते हवालदार वासुदेवराव ठवकर. मी, प्रमिला कुंभलकर, त्यांची मदतनीस. नोकरीला दोन वर्षं झाली होती. अक्षर चांगलं असल्यामुळे लिहायचं मी आणि सही करायची त्यांनी, अशी आमची वाटणी होती.

मी अपराध नोंदवही पुढे ओढली. नव्या वर्षाची कोरी करकरीत वही, पहिलं पान. टोपण काढलं तोच ठवकरांचा पंजा वहीवर येऊन पडला.

“काय करून राहिले बाई?”

“फिर्याद आहे. बोकड चोरीला गेलाय.”

“आज तारीख काय?”

“एक.”

“मग पहिल्या नंबरावर चोरी टाकता? डोकं ठिकाणावर आहे ना?”

मला ठाऊक नव्हतं असं नाही. मागच्या वर्षी एक जानेवारीला मी रजेवर होते, पण ऐकलं होतं. वर्षाची बोहनी चांगली झाली पाहिजे, हा आमच्या ठाण्याचा अलिखित कायदा होता, आणि लिखित कायद्यांपेक्षा तो बराच कडक पाळला जायचा. अपराध क्रमांक एकवर चोरी पडली तर वर्षभर चोऱ्या होतात. खून पडला तर विचारूच नका. म्हणून पहिला नंबर नेहमी जुगाराचा. आरोपी जागेवर, पत्ते जागेवर, तपास दुपारच्या जेवणाआधी पूर्ण. यात नुसती अंधश्रद्धा होती असंही नाही. दर महिन्याच्या गुन्हे बैठकीत उपायुक्त साहेब यादी वरून वाचायला घ्यायचे, आणि पहिल्याच ओळीत न सापडलेली चोरी दिसली की पुढची सगळी यादी त्याच सुरात वाचायचे.

“जुगाराची केस आली की लगेच तिची घेऊ,” ठवकर म्हणाले. “दहा वाजेपर्यंत होऊन जाते. बसा माय तिकडे बाकड्यावर.”

“लेहून घेतलं?” बाईनं मला विचारलं.

“घेतो,” मी म्हटलं. “थोडं थांबा.”

ती बाकड्यावर जाऊन बसली, अगदी घड्याळाच्या समोर. दोरी मांडीवर ठेवली आणि आमच्याकडे बघत राहिली.

ही जुगाराची केस आणायची म्हणजे कुठे रानोमाळ भटकायचं नव्हतं. आमचा एक ठरलेला आरोपी होता, झिंगरू निमजे. तेलघाणीमागच्या चिंचेखाली त्याचा पत्त्यांचा अड्डा. आठ वर्षं सलग त्यानं एक जानेवारीला स्वतःला अटक करवून घेतली होती. आदल्या दिवशी केस कापून यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून नऊ वाजता चिंचेखाली चार गडी घेऊन बसायचा, आणि आमचे जमादार पोचायला उशीर झाला तर माणूस पाठवायचा. ‘वर्षाचा पहिला आरोपी’ म्हणून मोहल्ल्यात त्याला एक मान होता. दुपारी जामिनावर सुटला की लोक त्याला चहा पाजायचे.

त्याला आणायला जायचं काम जमादार गोमाजी दुधनकरांचं. हे डीबी पथकाचे, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतले चोर हुडकणारी जी साध्या वेशातली चार माणसं असतात, त्यांचे म्होरके. देह भारदस्त, मिशी त्याहून भारदस्त, आणि देवभोळे इतके, की मांजर आडवं गेलं तर चोराला पाच पावलं जास्त पळू द्यायचे. नऊ वाजता ते दोन शिपाई घेऊन निघाले. जाताना त्यांनी बाकड्याकडे पाहिलं.

“ही कोण?”

“नंबर दोनची,” ठवकर म्हणाले.

“बरं,” जमादार म्हणाले आणि गेले. नंबर दोनची कशाला आली, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही, आणि सांगायची आम्हाला.

ठाण्यात त्या दिवशी मोठं कोणी नव्हतं. वर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्या खात्यात फुलांचे गुच्छ खालून वर चढतात. ठाण्याचे पीआय गुच्छ घेऊन सहायक आयुक्तांकडे जातात, सहायक आयुक्त उपायुक्तांकडे, आणि मग सगळे मिळून आयुक्तांकडे. आमचे पीआय रणदिवे साहेब असेच आठ वाजता भलामोठा गुच्छ घेऊन गेले होते. दोनच महिन्यांपूर्वी पुण्याकडून बदलून आलेले, अजून इथल्या थंडीला आणि तर्रीला दोन्हीला बिचकायचे. त्यामुळे त्या सकाळी गढीचे राजे ठवकरच होते.

साडेदहाला जमादार परतले. एकटेच. चेहरा उतरलेला.

“झिंगऱ्या येत नाही म्हणते.”

“म्हणजे?” ठवकरांच्या हातातला चहा थांबला.

“काल त्याच्या पोरीचं साक्षगंध झालं. सोयरे मुक्कामी आहेत. म्हणते, जमादार साहेब, दुसरा कोणताही दिवस सांगा, दोनदा अटक व्हाले तयार आहो, पन व्याह्यासमोर मले आरोपी करू नका. माह्या पाया पडला. पोरीची माय रडून राहिली. काय करता?”

“दुसरा पहा मग. हद्दीत एकच जुगारी आहे काय?”

“रात्री बंदोबस्त होता ना सगळीकडे, थर्टी फर्स्टचा. सारे झोपून आहेत. दारूवाल्या ताराचंदचं दार वाजवलं, तो म्हणे आजपासून सोडली.”

आठ वर्षांत पहिल्यांदा आमच्या हद्दीत गुन्हेगार मिळत नव्हता. आणि गुन्हेगार मिळत नाही म्हणून गुन्हा नोंदवता येत नव्हता. मी हे ठवकरांना असंच्या असं म्हणून दाखवलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

“हवालदार साहेब,” मी म्हटलं, “तिची घेऊन टाकू का? अडीच तास झाले.”

“बाई, बोकड आहे तो. सोन्याची पोत नाही. एका बोकडापायी वर्ष नासवता?”

मी गप्प बसले. मला तेव्हा बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दोन वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी पक्की शिकले होते, की वरच्यानं नाही म्हटलं की खालच्यानं चहा मागवायचा. मी चहा मागवला. एक कप बाकड्यावर नेऊन दिला.

“नाव काय तुमचं, माय?”

“कौतिकाबाई नेवारे. नदीकाठच्या वस्तीत राह्यतो.” तिनं चहा बशीत ओतला. “काहून व पोरी, लेहाले एवढा टाइम लागते? शाई संपली काय?”

“नाही. साहेब बाहेर गेलेत.”

माझं पहिलं खोटं. अगदी सहज निघालं.

“तो हवालदार आहे ना बसून. त्याले लेहता नाही येत?”

“येतं.”

“मंग?”

मग काय सांगणार? मी म्हटलं, “होईल लवकर.” तिनं घड्याळाकडे पाहिलं. “आठ वाजता आली मी,” ती म्हणाली. “उजाडता दोरी कापलेली दिसली, तशीच पायी निघाली. बोकडाले पाय असतात, बाई. तो थांबून राह्यत नाही.”

जमादार पुन्हा बाहेर पडले होते. अकरा वाजले, बारा वाजले. ठवकरांनी बिनतारी यंत्रावर शेजारच्या ठाण्याला हळूच विचारलं, तुमच्याकडे एखादा जुगारी जास्तीचा आहे का. पलीकडून उत्तर आलं, आमचीच बोहनी व्हायची आहे. कौतिकाबाईनं पदरातून भाकरीचा तुकडा काढला, खाल्ला, पाणी मागून घेतलं आणि परत घड्याळासमोर बसली. एकदाही आवाज चढवला नाही. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दीडला जमादार आले. या वेळी दोन्ही शिपाई बरोबर होते आणि तिघांच्याही चेहऱ्यावर मोठी शांतता होती. जमादारांनी खुर्चीत बसून पट्टा एक भोक सैल केला.

“मिळाला?” ठवकरांनी विचारलं.

“नाही. पन झिंगऱ्यानं सोडलंच नाही. म्हणे, केस नाही तर नाही, जेवून तरी जा. व्याही पन आग्रह करून राहिले. नाही म्हणता येते काय?” त्यांनी ढेकर दिली. “मटण झकास होतं. रस्सा तर असा, की डोक्यातून घाम.”

बाहेर गाडीचा आवाज आला. रणदिवे साहेबांची जीप. ठवकर ताडकन उठले. साहेब आत येऊन पहिलाच प्रश्न विचारणार, सकाळपासून काय दाखल? आणि वही कोरी.

“घ्या बाई, घ्या,” ते कुजबुजले. “बोकड तर बोकड. लिहा लवकर. बोलवा तिले.”

कौतिकाबाई काउंटरपाशी आली. मी टोपण काढलं. वेळेची जागा तेवढी सोडून खाली लिहायला लागले, आणि सवयीप्रमाणे लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत गेले.

“वर्णन सांगा, माय.”

“रंग कायाकुट्ट.”

“काळा,” मी लिहिलं.

“कपायावर पांढरा चांद.”

“कपाळावर पांढरा ठिपका.”

जमादारांची दुसरी ढेकर अर्ध्यावर थांबली.

“डाव्या कानाले खाच मारली हाय. देवीच्या नावाची. नातू माहा दोन सालाखाली मरता मरता वाचला, तवा बोलली होती मी. पुढच्या मंगयवारी नवस फेडाचा होता. सारे सोयरे येऊन राहिले गावाहून.”

“डाव्या कानास देवीच्या नवसाची खाच,” मी लिहिलं आणि मान वर केली, कारण खुर्ची कुरकुरली होती. जमादार उभे राहिले होते. डोक्यातून घाम येतच होता, पण तो आता रश्श्याचा नव्हता.

रणदिवे साहेब दारात आले. हातात तोच भलामोठा गुच्छ. आयुक्त साहेब गावाला गेले होते म्हणे, त्यामुळे शहरातले सगळे गुच्छ आपापल्या ठाण्याला परत आले.

“काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

“बोकडचोरी, सर,” ठवकर म्हणाले.

“काही माग?”

दोन शिपाई भिंतीकडे बघत होते. शेवटी जमादारच म्हणाले, “गुन्हा उघडकीस आला आहे, साहेब.”

“अरे वा. इतक्यात? कुठे होता?”

“झिंगरू निमज्याच्या अंगणात. पेरूच्या झाडाले बांधून होता. पहाटे कोण्या पोट्ट्यानं त्याले स्वस्तात विकला म्हणे. मी स्वतः पाहिला, साडेनऊ वाजता. पाठीवर हात फिरवला.”

“उत्तम. मग मुद्देमाल जप्त केला?”

“हो, साहेब.”

“कुठे ठेवलाय?”

जमादारांचा हात हळूहळू पट्ट्याच्या सैल केलेल्या भोकावर जाऊन थांबला. रणदिवे साहेब पुण्याकडचे असले तरी पोलीस होते. त्यांनी जमादारांच्या पोटाकडे पाहिलं, दोन शिपायांच्या पोटांकडे पाहिलं, आणि गुच्छ टेबलावर ठेवला.

“तिघांनी मिळून?”

“सोयरेही होते, साहेब.”

मला हसू यायला हवं होतं. पुढे पंचवीस वर्षं ही गोष्ट मी लग्नांत, बंदोबस्तात, मंडपांत सांगितली, आणि याच ठिकाणी लोक पोट धरून हसतात. पण त्या वेळी माझ्या कानात एकच गोष्ट घुमत होती, ‘साडेनऊ वाजता’. साडेनऊ वाजता तो जिवंत होता. मी आठ दहाला वर्णन लिहून घेतलं असतं तर जमादारांनी त्याला कानाला धरून आणला असता.

कौतिकाबाईला सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग ती काउंटरपासून वळली आणि जमादारांसमोर जाऊन उभी राहिली. ती त्यांच्या छातीपर्यंतच येत होती.

“चांगला होता काय?” तिनं विचारलं.

जमादारांनी साहेबांकडे पाहिलं.

“इचारून राहिली ना. चांगला होता?”

“होता, माय,” ते म्हणाले.

“मोहफुलं चारत होती मी त्याले. वाळवून ठेवलेली. देवीचा घास होता तो. आता मी तिले काय सांगू?”

मांजर आडवं गेलं तर थांबणारा तो माणूस. वर्ष नासू नये म्हणून साडेचार तास गावभर फिरला आणि वर्षाच्या पहिल्याच दिवशी देवीचा बोकड खाऊन आला. जमादार सरळ तिच्या पायाशी बसले, दोन शिपाई आणि साहेब बघत असताना.

“दुसरा देतो, माय. उद्याच्या उद्या आणतो. असाच काळा.”

“मोठा नको आनू. इकतचा बोकड देवीले चालत नाही, पोसलेला लागते. पिल्लू आन. मी म्हातारी झाली, दोन साल पोसाले मी राह्यन का नाही काय माहीत. तू पोस. मी येऊन पाह्यत जाईन.”

“पोसतो.”

“मोहफुलं लागतात.”

“आणतो, माय.”

इकडे ठवकर माझ्या कानाशी आले. “बाई, ते वेळेचं पटकन भरा. एक चाळीस टाका. आली, लगेच घेतली, लगेच उघड. अशी केस शहरात कोणाची नसंल. बक्षीस भेटते पहा.”

पेन माझ्या हातात होतं. वेळेची जागा कोरी होती. एक चाळीस लिहिलं असतं तर कोणाचंच काही बिघडत नव्हतं. बोकड तर परत येणार नव्हताच. समोरून कौतिकाबाई परत काउंटरशी आली, टाचा उंच करून तिनं वहीत डोकावलं. तिला वाचता येत नव्हतं.

“पोरी, मी कवा आली ते लेहलं काय?”

मी लिहिलं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

“लिहिलं, माय.”

ठवकरांनी ते पाहिलं आणि सही करायचं पेन खिशात परत ठेवलं. साहेबांनी वही ओढून घेतली. वरपासून खालपर्यंत वाचली. मग वरचा आकडा परत वाचला.

“आठ दहाला काउंटरवर कोण होतं?”

ठवकर बोलणार होते, काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही. मी म्हटलं, “मी होते, सर.”

“लिहिलं का नाही?”

“पहिला नंबर जुगाराचा लागतो म्हणून.”

साहेबांना ते उत्तर खरं वाटलं की वेडेपणाचं, कळलं नाही. मग त्यांनी स्वतः सही केली, फिर्यादीची नक्कल कौतिकाबाईच्या हातात दिली आणि जीपमधून तिला घरी सोडायला सांगितलं. ती जाताना काउंटरवरची कापलेली दोरी तिथेच विसरून गेली.

संध्याकाळपर्यंत चोर सापडला. झिंगरूनं त्याचं नाव स्वतःहून दिलं, आणि चोरीचा माल घेतला म्हणून तोही आरोपी झाला, व्याह्यांच्या देखत. वर्षाचा पहिला आरोपी होण्याचा त्याचा मान काही चुकला नाही. ठवकर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या वर्षी आमच्या हद्दीत चोऱ्या दरवर्षीइतक्याच झाल्या, मी मोजल्या.

जमादारांनी पिल्लू आणलं. ठाण्याच्या मागच्या आवारात, जप्त केलेल्या सायकलींच्या रांगेत ते बांधलेलं असायचं. रोज सकाळी हजेरीच्या आधी साध्या वेशातला आमचा डीबी पथकाचा म्होरक्या त्याला मोहफुलं चारताना दिसायचा. दर मंगळवारी कौतिकाबाई तपासणीला यायची. आयुक्तांच्या तपासणीला जमादार इतके घाबरत नसत. दोन वर्षांनी नवस फिटला. सगळं ठाणं जेवायला गेलं होतं. तिचा नातू पंगतीत वाढत होता. जमादारांनी वरणभात घेतला.

मी गेल्या वर्षी फौजदार म्हणून निवृत्त झाले. निघताना आस्थापना शाखेतल्या कारकुनानं माझं सेवापुस्तक चाळलं. सगळं स्वच्छ होतं, फक्त एका पानावर लाल शाईत एक ओळ होती. ‘फिर्याद नोंदविण्यास पाच तास तीस मिनिटे विलंब. सक्त ताकीद.’

“मॅडम, तेव्हाच अपील करायला पाहिजे होतं,” तो हळहळून म्हणाला. “सहज खोडता आलं असतं हे.”

“राहू द्या,” मी म्हटलं. “वेळ बरोबर आहे.”